गडावरची नानकटाई

पदार्थ स्वल्पमोलाचा असला म्हणजे त्याची रुचिहि स्वल्प असते, असें मुळींच नाहीं. भूक, डोंगरवारा आणि जुने सोबती अनुकूल असले म्हणजे बेकरींतल्या खारीलाहि पक्वान्नाची गोडी येते.

गेल्या मार्गशीर्षांत आम्ही चौघे वृद्ध मित्र वनभोजनासाठीं सिंहगड चढलों. देवटाक्याचें थंडगार पाणी पिऊन कड्यापाशीं बसलों. खालीं खडकवासल्याचा जलाशय चकाकत होता. चौघांच्या जाती चार. खारी-नानकटाई पसरलेला कागद मात्र एक! खारीचा चुरा वाऱ्यावर उडूं लागला, तेव्हां तो वेंचण्यांतहि चढाओढ लागली.

याच गडावर लोकमान्यांचा बंगला आहे. १८९० सालीं पुण्यांत पंचहौद मिशनमध्यें घेतलेल्या चहावरून टिळक-रानड्यांसारख्यांवरहि ग्रामण्य आलें व प्रायश्चित्ताचा वाद माजला, याचें तेथें स्मरण झालें. फार दूर कशाला? आमच्यांतील एका मित्राच्या वडिलांस माझ्या आजोळच्या ओसरीवर पाणी मिळे, तें निराळ्या पेल्यांतून.

तोच मित्र कागद पुढें सरकवून म्हणाला, "मास्तर, शेवटची नानकटाई तुमची."

वाचकहो, त्या नानकटाईचें मोल दोनचार रुपयेच. पण तिची गोडी दोन पिढ्यांनीं कमावलेली आहे.