टायमिंग घसरतं तेव्हा

पुण्यात पहाटे तळजई टेकडीवर किंवा विद्यापीठाच्या आवारात धावणाऱ्यांच्या घोळक्यात कुणी ना कुणी विचारतंच, "सराव तर चालू आहे, मग टायमिंग का घसरतंय?" मी पन्नाशी ओलांडली आहे, लांब पल्ल्याचं धावणं सोडलेलं नाही आणि हा प्रश्न मलाही छळून गेला आहे. घड्याळ खोटं बोलत नाही. पण कारण सांगत नाही. ते आपणच शोधायचं.

आधी ऋतू बघावा. पुण्यात जुलैच्या पहाटे पारा फार चढलेला नसतो, पण हवा दमट असते. घाम वाळत नाही, म्हणून अंग निवत नाही. मग हृदयाला त्वचेकडे जास्त रक्त धाडावं लागतं आणि पायांच्या वाट्याला कमी येतं. डिसेंबरच्या गारठ्यातला वेग या हवेत मागणं अन्यायाचं आहे.

एका शर्यतीवरूनही निकाल देऊ नये. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेने जुलै २०२४मध्ये पॅरिसला ३००० मीटर स्टीपलचेस ८ मिनिटं ९.९१ सेकंदांत पूर्ण करून राष्ट्रीय विक्रम केला. महिन्याभराने, पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत, त्याला ८ मिनिटं १४.१८ सेकंद लागले आणि तो अकरावा आला. प्रत्येक शर्यतीचे डावपेच वेगळे, दिवस वेगळा. त्या चार सेकंदांना घसरण म्हणता येत नाही.

पण तोच रस्ता, तशीच हवा आणि दोन-तीन महिने वेग उतरतच असेल, तर पहिला संशय लोहाचा घ्यावा. ते घामातून जातं, बायकांचं पाळीतून जातं, तळवे आपटून तांबड्या पेशीही फुटतात. हिमोग्लोबिन ठीक दिसत असतानाही फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा, तळाला गेलेलं असू शकतं, म्हणून दोन्ही तपासावीत. शाकाहारी माणसाने बी-१२ही बघावं. लोहाच्या गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात. जादा लोह घातक असतं. जेवणाबरोबरचा चहा टाळणं आणि भाजीवर लिंबू पिळणं हे कुणालाही जमेल.

दुसरं कारण विश्रांतीचं. सरावाने शरीर झिजतं. ते पुन्हा घडतं झोपेत आणि पोटभर जेवणाने. वेग उतरला की बहुतेकजण किलोमीटर वाढवतात, सोप्या दिवशीही धापा टाकत धावतात आणि थकव्यावर थकवा चढवतात. सकाळची नाडी नेहमीपेक्षा जलद, झोप उथळ, मन चिडचिडं, अशी लक्षणं एकत्र दिसली की मी बूट बाजूला ठेवते आणि वेताळ टेकडीवर नुसती चालून येते. तोही सरावच आहे.

आणि वय. हृदयाचे कमाल ठोके वर्षागणिक कमी होत जातात. सरावाने वेगाची उतरण मंद होते, थांबत नाही. म्हणून तिशीतल्या स्वतःशी स्पर्धा लावण्यात अर्थ नाही. आपल्या वयोगटाचं टायमिंग बघावं, तीच खरी तुलना.

तेव्हा वेग घसरला तर लगेच जास्त धावू नका. आधी रक्त तपासा, झोप वाढवा, महिनाभर गप्पा मारता येतील इतकं सावकाश धावा. उत्तर बहुधा तिथेच मिळतं.