उभा फोटो, आडवा फोटो

जागा तीच, दृश्य तेच, घटकाही तीच. आणि तरी फोटो दोन! कॅमेरा एकदा आडवा धरायचा, एकदा उभा. हातातल्या त्या पाव फेऱ्याने केवढा फरक पडतो, हे दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय ध्यानात येत नाही.

मुंबईच्या ओव्हल मैदानावर उभे राहून राजाबाई टॉवर पाहा. १८७८ साली पुरा झालेला हा मनोरा २८० फूट उंच आहे. कॅमेरा उभा धरला, की तो पायथ्यापासून कळसापर्यंत चौकटीत मावतो आणि आजूबाजूचे सारे अदबीने दूर सरते. आता कॅमेरा आडवा करा. तिथूनच फोटो घ्याल, तर मनोऱ्याचा माथा छाटला जाईल; म्हणून मैदानातून चांगले मागे या. मग चौकटीत माडांची रांग येते, हायकोर्ट येते, एकाच मैदानात रंगलेले क्रिकेटचे चार डाव येतात. मघाचा राजा आता शेजाऱ्यांत बसलेला दिसतो.

या मनोऱ्याला प्रेमचंद रायचंदांनी आपल्या आईचे नाव दिले. मला मात्र तो पाहताना नेहमी वाटते, की आया अशा एकट्या, उंच कुठे उभ्या राहतात?

माझी आई गेली तेव्हा भिंतीवर लावायला तिचा एकटीचा फोटो शोधू लागलो. एकही निघाला नाही! होते ते सारे आडवे. दिवाळीचे, मुंजीचे, बारशाचे. त्यांत ती कडेला, कुणाचे तरी मूल सावरीत उभी. शेवटी फोटोग्राफरने एका दिवाळीच्या फोटोतून तिला वेगळे काढले आणि मोठे करून उभ्या चौकटीत बसवून दिले.

फोटो सुरेख झाला. तिच्या हनुवटीवरचा बारीकसा तीळ मी त्या दिवशी प्रथम नीट पाहिला. आडव्या फोटोंत आम्ही एकमेकांना शोधीत होतो; तिच्याकडे निवांत पाहिले होते कोणी? हे त्या उभ्या चौकटीचे देणे. पण त्याच चौकटीत तिचा डावा हात खांद्यापाशीच संपतो. तो पुढे धाकट्या बहिणीच्या पाठीवर गेला होता, हे पाहुण्यांना कसे कळावे? ते आम्हांलाच ठाऊक. म्हणून मूळचा आडवा फोटोही मी त्याच भिंतीवर, तिच्या शेजारी लावला आहे.

आता प्रत्येकाच्या हातात फोन आहे, आणि तो बहुधा उभाच धरलेला असतो. यंदा फराळाला घरची माणसे जमली, की त्याला एकदा आडवा करा. कडेची माणसे तेवढी आत येतील. आणि मग स्वयंपाकघरात जाऊन, कढईपाशी बसलेल्या बाईला हाक मारा. ती म्हणेल, “माझा कसला फोटो काढतोस! केस बघ, अवतार बघ!” तिचे ऐकू नका. फोन उभा धरा.