फेरी पुरी झाल्यावर

मनुष्य बहुतेक प्रवास करतो तो कोठें तरी पोहोंचण्यासाठीं. चारशें मीटरची शर्यत हा या नियमास एक विलक्षण अपवाद आहे. मैदानाची एक संपूर्ण फेरी, एवढेंच तिचें स्वरूप. सर्वांत आंतल्या मार्गांतून धांवणारा गडी जीव तोडून धांवतो आणि ज्या रेघेवरून निघाला त्याच रेघेवर येऊन थांबतो. बाहेरच्या मार्गांतील गड्यांस वळणावर अंतर अधिक पडतें, म्हणून त्यांस आरंभींच थोडथोडें पुढें उभें करतात. दुसऱ्या मार्गांतला पहिल्याच्या सुमारें ७ मीटर पुढें असतो. त्यामुळें जो सर्वांच्या पुढें दिसतो तो खरोखर पुढें नसतो, आणि जो मागें दिसतो तो मागें नसतो. कोण कोठें आहे याचा उलगडा दुसरें वळण संपत आल्यावरच होतो. संसाराशीं इतकें साम्य असलेली दुसरी शर्यत आम्हांस ठाऊक नाहीं.

या शर्यतीचा विचार आमच्या मनांत शिरण्यास एक प्रसंग कारण झाला. आम्ही अमरावतीस महाविद्यालयांत इंग्रजी शिकवितों. आमच्या वर्गांत अकोल्याकडील एक मुलगा आहे. घरीं कोरडवाहू शेती, कपाशी आणि तूर. विद्यापीठाच्या सामन्यांत तो चारशें मीटर धांवणार असें कळल्यावरून आम्ही ती शर्यत पाहावयास गेलों. तीनशें मीटरपर्यंत तो दुसरा होता. पुढें त्याचे खांदे वर आले, मान मागें गेली, आणि तो चौथा आला. संघांत निवड होण्याची संधी अर्ध्या सेकंदानें हुकली. त्याचे वडील गांवाहून मुद्दाम आले होते. ते आम्हांस शोधीत आले आणि म्हणाले, "सर, पोरगं एवढं मरमर पयालं, अन् जेथून निंगालं तेथंच येऊन पडलं. ह्या पयन्यानं पोट भरते काय? तुमचं आयकते तो. तुमीच सांगा त्याले, सोडून दे म्हना."

प्रश्न रास्त होता आणि विचारणाऱ्याचा अधिकार मोठा होता. ज्याच्या शेतांतील बोंडांवर मुलाचें शिक्षण चाललें आहे, त्यानें हिशेब मागूं नये तर कोणीं मागावा? आम्हीं त्यांस घरीं आणलें, चहा पुढें ठेवला, आणि अमरावतीशीं दुरून नातें असलेली एक जुनी हकीकत सांगितली.

१९३६ साल आणि बर्लिन हीं नांवें अमरावतीस परकीं नाहींत. येथें १९१४ सालीं स्थापन झालेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा चमू त्या वर्षीं ऑलिंपिक सामन्यांच्या वेळीं बर्लिनला गेला होता. पदकें जिंकण्यासाठीं तो गेला नव्हता. आपले देशी खेळ जगास करून दाखविणें हें त्याचें काम. ज्या गांवच्या लोकांनीं आखाड्याच्या मातीपलीकडे फारसें कांहीं पाहिलें नव्हतें, त्या गांवच्या तरुणांनीं युरोपच्या राजधानींत हुतूतूची प्रात्यक्षिकें केलीं, ही गोष्ट अजूनही येथें अभिमानानें सांगतात.

त्याच सामन्यांत, ७ ऑगस्ट १९३६ रोजीं, पुरुषांच्या चारशें मीटर शर्यतीची अंतिम फेरी झाली. पहिला आला अमेरिकेचा आर्ची विल्यम्स, वेळ ४६.५ सेकंद. दुसरा इंग्लंडचा गॉडफ्रे ब्राऊन, ४६.७, हा जन्मला आपल्याच देशांत, बंगालमधील बांकुरा येथें. तिसरा अमेरिकेचाच जेम्स लुव्हॅल, ४६.८. चौथा इंग्लंडचा बिल रॉबर्ट्स; घड्याळानें त्यालाही ४६.८ च दिले, परंतु पदक मात्र दिलें नाहीं. विल्यम्स आणि लुव्हॅल हे दोघे कृष्णवर्णीय. ज्या राजवटीनें वंशश्रेष्ठत्वाचा डंका पिटला होता, तिच्याच राजधानींत हे दोघे विजयमंचावर उभे राहिले.

इतकी हकीकत पुष्कळांस ठाऊक असते. आम्हांस महत्त्वाचा वाटतो तो तिच्या पुढचा भाग. विल्यम्स हा विद्यापीठांत यंत्रविद्या शिकत होता. सुवर्णपदक घेऊन परतल्यावर त्यानें पदवी मिळविली. परंतु त्या काळच्या अमेरिकेंत काळ्या माणसास अभियंत्याची खुर्ची सहजासहजीं मिळत नव्हती. तो विमान चालविण्यास शिकला, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत टस्कीगी येथें कृष्णवर्णीय वैमानिकांस शिकविण्याचें काम त्यानें केलें. पुढें वायुदलांत दीर्घकाळ चाकरी झाल्यावर तो कॅलिफोर्नियांतील एका शाळेंत गणिताचा शिक्षक झाला. लुव्हॅलनें १९४० सालीं लायनस पॉलिंग या थोर शास्त्रज्ञाच्या हाताखालीं रसायनशास्त्रांत डॉक्टरेट मिळविली. त्यानें विद्यापीठांत अध्यापन केलें, आणि उतारवयांत स्टॅनफर्ड येथें विद्यार्थ्यांच्या रसायन-प्रयोगशाळा सांभाळल्या. ब्राऊन १९५० पासून १९७८ पर्यंत वूस्टर येथील शाळेचा मुख्याध्यापक होता.

आमची कथा संपली तशी त्या गृहस्थांनीं बशी खालीं ठेवली. "म्हंजे तिघंई मास्तर झाले म्हना ना!" ते म्हणाले. आम्ही हंसलों, तेही हंसले. परंतु लगेच गंभीर होऊन ते म्हणाले, "अन् मास्तरकी तरी कोठं लागते आजकाल?"

यावर आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. महाविद्यालयांत तासिकेच्या हिशेबानें शिकविणारे, पदव्यांच्या जुड्या बाळगणारे तरुण आम्ही रोज पाहतों. पदकानें अथवा पदवीनें चाकरी हमखास मिळते असें त्या शेतकऱ्यास सांगणें म्हणजे पाऊस नक्की पडेल असें सांगण्यासारखें झालें असतें. तें त्यानें ऐकूनही घेतलें नसतें.

तरीही मुलास "सोडून दे" असें सांगण्यास आमची जीभ रेटली नाहीं, आणि त्याचें कारण या शर्यतीच्या घडणींतच आहे. पूर्ण वेग मनुष्यास अगदीं थोडाच वेळ टिकवितां येतो. चारशें मीटर हें अंतर त्या मर्यादेच्या पलीकडचें. प्राणवायूचा पुरवठा अपुरा पडूं लागतो, स्नायूंत आम्लता वाढत जाते, पाय आपले नाहींतसे होतात. शेवटच्या शंभर मीटरांत कोणी एकजण मुसंडी मारून पुढें आला असें प्रेक्षकांस वाटतें. वस्तुतः त्या टप्प्यांत बहुधा सर्वच मंदावलेले असतात, आणि जो सर्वांत कमी मंदावतो तो वेगवान दिसतो. जोर संपल्यावर पाऊल कसें उचलावें, हाच या शर्यतीचा खरा अभ्यास. विल्यम्सला जग जिंकून आल्यावर घरीं दार बंद दिसलें, तेव्हां त्याच्या उपयोगीं पडला असेल तर तो हाच अभ्यास, असें आम्हांस वाटतें. पदक तें दार उघडूं शकलें नव्हतें.

चौथ्या क्रमांकाविषयींही दोन शब्द लिहिणें प्राप्त आहे, कारण आपल्या घरांतून त्याची फार अवहेलना होते. बर्लिनचा तो चौथा, बिल रॉबर्ट्स, दोनच दिवसांनीं ब्राऊनसह इंग्लंडच्या चौघांच्या संघांतून चारशें मीटरची टप्प्यांची शर्यत धांवला, आणि त्या संघानें अमेरिकेस मागें टाकून सुवर्णपदक घेतलें. आपला मिल्खासिंग १९६० सालीं रोम येथें चौथाच आला. तिसऱ्याची वेळ ४५.५, त्याची ४५.६. पदक हुकलें, परंतु त्या दिवसाची त्याची वेळ भारतीय विक्रम म्हणून १९९८ पर्यंत टिकली. अडतीस वर्षें देशांतील प्रत्येक धांवपटू एका चौथ्या आलेल्या माणसाच्या मागें धांवत होता!

हें सारें आम्हीं त्या गृहस्थांस सांगितलें. त्यांस तें पटलें असा आमचा दावा नाहीं. अकोल्याच्या गाडीची वेळ झाली तसे ते उठले आणि दाराशीं जोडे घालतां घालतां म्हणाले, "यंदाचा हंगाम पयू द्या त्याले. पन परीक्षेत कमी पडला, तर मंग मी आयकनार नाई." शेतकऱ्यानें एक हंगाम दिला, याहून अधिक उदार दान त्याच्या कोठारांत असतें असें आम्हांस वाटत नाहीं.

आपल्या सुशिक्षित घरांतूनही हाच प्रश्न निराळ्या भाषेंत विचारला जातो. मुलगा पेटी वाजवूं लागला, मुलगी चित्रें काढूं लागली, कीं आपण विचारतों, "पुढें काय?" हा प्रश्न टाकून देण्यासारखा नाहीं. पोटाची चिंता हलकी म्हणावी इतके आपण कोणीच श्रीमंत नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, हा प्रश्न विचारण्यास वेळ आणि जागा असते. मूल रेघेपाशीं गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकीत असतें, तेव्हां त्याला प्रथम पाणी द्यावें. तें सरळ उभें राहिलें म्हणजे मग विचारावें. तोंवर कदाचित् त्याच्यापाशीं आपल्यापेक्षां बरें उत्तर तयार झालेलें असेल.