वेगाची उमेदवारी

सन 2018 च्या पावसाळ्यात आम्ही आठवीच्या वर्गास 'मी कोण होणार' हा निबंध लिहावयास दिला होता. विषय जुनाच. आमच्या लहानपणी आमच्या गुरुजींनी आम्हांसही तोच दिला होता, आणि आम्ही मामलेदार होण्याचे अभिवचन देऊन सात गुण पदरात पाडून घेतले होते. वह्या तपासताना डॉक्टर, इंजिनिअर, कलेक्टर व लष्करी अधिकारी यांची नित्याची रांग आमच्या डोळ्यांपुढून चालली होती. इतक्यात एक वही निराळी निघाली. "मी मोटारींच्या शर्यतीत गाडी चालविणार आहे, आणि तोच माझा धंदा असणार आहे," असे तीत एका मुलाने लिहिले होते. शुद्धलेखनाच्या चुका पुष्कळ होत्या. आम्ही ती वही वर्गात मोठ्याने वाचून दाखविली, आणि वर म्हणालो, "याच्या गाडीत बसण्यापूर्वी ज्याने त्याने आपला विमा उतरवून घ्यावा." वर्ग हसला. तो मुलगाही हसला, परंतु खाली पाहून. दहांपैकी चार गुण, आणि खाली तांबड्या शाईने 'धंदा व पोरखेळ यांतील भेद ओळखावा' असा शेरा. एवढ्यावर आमचा न्यायनिवाडा संपला.

वस्तुतः आमच्या नगरासारख्या गावात मोटारीच्या नावाने हसू यावे असे काही नाही. रणगाडे हाकण्याचे शिक्षण जेथे मिळते ते लष्कराचे चिलखती दलाचे केंद्र येथेच आहे, जुन्या रणगाड्यांचे संग्रहालय येथेच आहे, आणि नव्या वाहनांची कसोटी घेण्यासाठी मुद्दाम बांधलेले मार्ग ज्या संस्थेत आहेत ती सरकारी संशोधनसंस्थाही येथेच असून तिच्या वसाहतीचे नावच मुळी वाहननगर असे आहे. गाडी हाकणे ही एक विद्या आहे, हे शिकण्यासाठी आम्हांस गावाबाहेर जाण्याचेही कारण नव्हते. परंतु शिक्षकास आपल्या वर्गाच्या खिडकीबाहेरचे क्वचितच दिसते.

असो. पुढे तो मुलगा निबंधात कलेक्टर होऊ लागला व त्याचे गुण वाढले. ही गोष्ट आम्ही आमच्या अध्यापनाचे यश समजत होतो.

सन 2020 च्या डिसेंबरात, कोरोनाच्या साथीमुळे शाळा बंद असून सारे अध्यापन दूरध्वनीच्या लहानशा काचेवर चालले असता, एके रात्री आम्हांस त्याच मुलाचा संदेश आला. तो आता दहावीत होता. संदेश एवढाच होता: "सर, जेहान दारूवाला जिंकला. मुंबईचा आहे. त्याचा हाच धंदा आहे."

दोन वर्षे त्या मुलाने आमचा शेरा शब्दशः जपून ठेवला होता, हे त्या तीन वाक्यांवरून कळले. आम्हांस त्या रात्री झोप आली नाही. हा दारूवाला कोण, हेही आम्हांस ठाऊक नव्हते. दुसऱ्या दिवसापासून आम्ही शोध घेऊ लागलो, आणि जे हाती आले ते आमच्या तांबड्या शाईस लाज आणणारे होते.

जेहान दारूवाला यांचा जन्म मुंबईच्या एका पारशी कुटुंबात 1 ऑक्टोबर 1998 रोजी झाला. मोटारींच्या शर्यतीचा हा धंदा थेट मोटारीने सुरू होत नाही. तो 'कार्ट' नावाच्या एका खेळण्यासारख्या दिसणाऱ्या गाडीने सुरू होतो. चार लहान चाके, नळ्यांचा एक सांगाडा, एक बैठक व एक इंजिन, एवढाच तिचा संसार. तीस स्प्रिंगा नाहीत, छप्पर नाही. जमिनीपासून चार बोटांवर बसून मुलगा तीत धावत असतो आणि रस्त्याचा प्रत्येक खडा त्याच्या बरगड्यांस कळतो. ज्या वयात आमचे विद्यार्थी सायकलीच्या दांडीखालून पाय घालून तोल सांभाळावयास शिकतात, त्या वयातील मुले तीवर बसून वळणावर किती आधी ब्रेक सोडावा याचा हिशेब करीत असतात. आजवर जगात जे मोठे शर्यतपटू झाले त्यांतील बहुतेकांची मुळाक्षरे याच पाटीवर गिरविलेली आहेत.

सन 2011 हे वर्ष या खेळाच्या दृष्टीने आपल्या देशास भाग्याचे होते. त्या वर्षी 30 ऑक्टोबर रोजी ग्रेटर नोएडा येथील बुद्ध आंतरराष्ट्रीय मार्गावर फॉर्म्युला वनची पहिली भारतीय शर्यत झाली. त्याच वर्षी फोर्स इंडिया या संघाने देशातून होतकरू मुलांचा शोध केला, आणि अखेर जी तीन मुले निवडली त्यांत अर्जुन मैनी व तरुण रेड्डी यांच्याबरोबर हा मुंबईचा बारा-तेरा वर्षांचा मुलगाही होता. पुढे त्यास कार्टिंगसाठी विलायतेस जावे लागले. सन 2013 मध्ये तेथील कनिष्ठ गटाचे अजिंक्यपद त्याने मिळविले. घर मुंबईस, धंदा परदेशात आणि वय पंधराच्या आत! आमच्या शाळेच्या वसतिगृहात पाथर्डीहून आलेला मुलगा पहिले आठ दिवस उशीत तोंड खुपसून रडतो, हे ज्या पालकांनी पाहिले आहे त्यांस या वाक्याचा अर्थ अधिक सांगावयास नको.

त्यानंतरच्या पायऱ्या शाळेतील इयत्तांप्रमाणेच आहेत: फॉर्म्युला रेनॉ, मग फॉर्म्युला थ्री, मग फॉर्म्युला टू, आणि शेवटी फॉर्म्युला वन. भेद इतकाच की, शाळेत वर्गातील सर्व मुले उत्तीर्ण होऊ शकतात. येथे शेवटच्या वर्गात बाके अवघी वीस होती. सन 2017 च्या फेब्रुवारीत दारूवाला यांनी न्यूझीलंड ग्रां प्री ही जुनी व नामांकित शर्यत जिंकली. त्याच वर्षी जर्मनीतील नोरिसरिंग येथे युरोपीय फॉर्म्युला थ्रीची शर्यत जिंकली. 2019 मध्ये फॉर्म्युला थ्रीच्या जागतिक मालिकेत वर्षअखेर तिसरा क्रमांक मिळविला. तेव्हा रेड बुल संघाने त्यांस आपल्या उमेदवारांत घेतले, आणि 2020 साली ते फॉर्म्युला टूमध्ये आले.

त्या वर्षाचा हिशेब मात्र सावकाश सांगितला पाहिजे, कारण आमचे मन तेथेच गुंतले आहे. साथीमुळे हंगाम जुलैत सुरू झाला. एकूण शर्यती चोवीस. पहिल्या तेविसांत दारूवाला यांस एकही विजय मिळाला नाही. तेवीस वेळा शिरस्त्राण घालावयाचे, तेवीस वेळा दिवे मालवण्याची वाट पाहावयाची, आणि तेवीस वेळा दुसऱ्या कोणाच्या तरी राष्ट्रगीतासाठी उभे राहावयाचे. या गाड्यांचे चक्र फिरविण्यास यंत्राचे साहाय्य नसते. सारा भार खांद्यांवर व मनगटांवर पडतो, आणि मान वळणागणिक बाहेर ओढली जाते. आपला वेग दुसऱ्यापेक्षा कोठे कमी पडला हे सांगणारे आकडे रोज संध्याकाळी समोर ठेवले जातात, तेही सेकंदाच्या सहस्रांशापर्यंत. आमच्या प्रगतिपुस्तकाची पालकांस वर्षातून दोनदा भीती वाटते. येथे प्रगतिपुस्तक दर फेरीस निघते.

चोविसावी शर्यत 6 डिसेंबर 2020 रोजी बहारीनमधील साखीर येथे झाली. मार्ग अवघा साडेतीन किलोमीटरचा, म्हणजे आमच्या भुईकोट किल्ल्यास दोन प्रदक्षिणा घालण्यासही फार तर तेवढेच चालावे लागेल. ती शर्यत त्यांनी जिंकली. फॉर्म्युला टूची शर्यत जिंकणारे ते पहिले भारतीय. आमच्या विद्यार्थ्याचा संदेश त्याच रात्रीचा होता.

परंतु गोष्ट येथे थांबत नाही, आणि आम्ही ती थांबविली तर ते आमच्या वाचकांस फसविणे होईल. त्या दिवशी दुसरा आला तो युकी त्सुनोदा हा जपानी तरुण. तो दारूवाला यांच्याच संघात होता आणि रेड बुलचाच उमेदवार होता. दहाच दिवसांनी फॉर्म्युला वनमधील जागा त्सुनोदाला मिळाल्याचे जाहीर झाले. त्या दिवशी जो मागे राहिला तो पुढे गेला, कारण वर्षभराच्या बेरजेत तो तिसरा होता व दारूवाला बारावे होते. पुढे 2021 व 2022 या दोन्ही वर्षी दारूवाला इटलीतील मोंझा येथे जिंकले. 2022 च्या जूनमध्ये मॅक्लारेन संघाने सिल्व्हरस्टोन येथे त्यांच्या हाती फॉर्म्युला वनची गाडी चाचणीसाठी दिलीही. पण जागा मिळाली नाही. भारतातून त्या वीस बाकांपर्यंत पोहोचले ते दोघेच: 2005 मध्ये नारायण कार्तिकेयन आणि 2010 मध्ये करुण चंधोक.

शाळा उघडल्यावर आम्ही केडगावच्या बाजूस त्या मुलाच्या वडिलांच्या गॅरेजात गेलो. त्यांच्याकडे ट्रॅक्टर, टेंपो व कधीमधी एखादी मोटार दुरुस्तीस येते. मुलगा एका इंजिनाखाली उताणा पडला होता. आम्हांस पाहून उठला व काळे हात पाठीमागे लपवून उभा राहिला. आम्ही वर्गात सर्वांदेखत केलेली चूक तेथे, दोन मेकॅनिकांदेखत, कबूल केली. त्यास काय बोलावे ते सुचेना. शेवटी तो म्हणाला, "सर, चुका पण लई होत्या निबंधात." आमच्या आयुष्यात आम्हांस इतक्या उदारपणे कोणी क्षमा केलेली नाही.

वडिलांनी चहा मागविला. ते म्हणाले, "सर, पोरगं नुसत्या आवाजावरून सांगतं, बिघाड कुठं हाय ते. पण हा नाद आपल्याला झेपायचा न्हाई. तुम्हीच सांगा त्याला काय सांगू."

आम्ही काय सांगणार? कार्टिंगचा एक हंगाम लाखांत जातो व फॉर्म्युला टूचे एक वर्ष कोट्यवधी रुपये खाते. दारूवाला यांच्यामागे कुटुंब होते, संघ होता, पुरस्कर्ते होते; आणि तरीही दार उघडले नाही. महाराष्ट्रात हा नाद कोणी केलाच नाही असेही नाही. कोल्हापुरास कार्टिंगचा मार्ग आहे. तेथील कृष्णराज महाडिक यांनी ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीमध्ये गाडी चालविली. परंतु 'जा' म्हणावे तर बापाचे गॅरेज विकले जाईल, आणि 'नको' म्हणावे तर ते आम्ही एकदा म्हणून चुकलो होतो, तेही खर्चाचा विचार करून नव्हे, तर निव्वळ हसू आले म्हणून. त्या दिवशी आम्ही चहा पिऊन उत्तर न देता परतलो. याची नोंद येथे करून ठेवणे प्रामाणिकपणाचे होईल.

मुलाने आपला मार्ग आपणच अर्धा काढला. दहावीनंतर तो यंत्र-अभियांत्रिकीच्या पदविकेस गेला. सुट्टीत केलेल्या कामाच्या पैशांतून तो एकदा कोल्हापुरास जाऊन कार्ट चालवून आला. आपल्या फेऱ्यांचे आकडे त्याने वहीत लिहून आणले होते. शेवटची फेरी पहिलीपेक्षा साडेचार सेकंदांनी कमी होती. "पहिल्या फेरीत मी जोरात चालवत होतो, सर," तो म्हणाला, "म्हणून वेळ जास्त लागला. नंतर हळू चालवायला लागलो." ही उलटी गोष्ट आम्हांस समजावून देण्यास त्यास पाव तास लागला. जोराने वळणात शिरले की चाके घसरतात, आणि घसरलेले चाक पुढे नेत नाही. आधी वेग मोडावा, मग वळावे, मग सोडावे.

सन 2024 च्या चैत्रात त्याने आम्हांस पारनेरकडच्या एका यात्रेस नेले. बैलगाड्यांच्या शर्यती 2014 साली न्यायालयाने बंद केल्या होत्या. 2021 च्या डिसेंबरात अटींवर त्यांस परवानगी मिळाली व 2023 च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. घाटाच्या दोन्ही बाजूंस माणसांची भिंत उभी होती. पुढे घोडी, मागे बैल, आणि एकेक बारी सेकंदाच्या अंशांवर मोजली जात होती. दारूवाला त्या वर्षी विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या फॉर्म्युला ई मालिकेत मासेराटीच्या संघातून शर्यती करीत होते. त्यांचा त्या महिन्यातील हालहवाल धुळीत उभे राहून आम्हांस ऐकविता ऐकविता मुलाने खिशातून एक घड्याळ काढले. प्रत्येक बारी तो स्वतः मोजीत होता व पंचांच्या आकड्याशी ताडून वहीत लिहीत होता. मग त्याने ते आमच्या हाती दिले. भंडारा उधळला, आरोळी उठली, बैल सुटले, आणि निशाण पडले तेव्हा आम्ही कळ दाबली.

त्याने आकडा पाहिला. "सर, तुमचा हात उशिरा पडला," तो म्हणाला, आणि पुढची बारी जुंपली जात होती तिकडे बोट करून घड्याळ आमच्याच हाती राहू दिले.