मोटारीचे झोके

आमची मोटार जुनी झाली, तशी ती येडशीच्या रामलिंग घाटातील वळणांवर फार कलू लागली आणि खळगा मागे पडल्यावरही झोके घेत राहू लागली. चिरंजीवांचा आग्रह असा की, मूळच्या स्प्रिंगा काढून आखूड व कडक बसवाव्यात. म्हणजे वळणावर गाडी कलणार नाही. म्हणणे खोटे नव्हे. परंतु मागील बैठकीवर त्यांच्या मातोश्री बसतात, व प्रत्येक धक्का त्यांच्या मणक्यास सोसावा लागतो!

अन्नंभट्टांनी 'तर्कसंग्रहा'त संस्काराचे वेग, भावना व स्थितिस्थापक असे तीन भेद सांगितले आहेत. स्प्रिंगेच्या ठायी स्थितिस्थापक असतो. दबली की ती पूर्वस्थितीस येऊ पाहते, आणि त्या भरात पलीकडे जाते. हा वेग आवरण्याचे काम शॉक अ‍ॅब्सॉर्बरचे. त्यातील तेल बारीक छिद्रांतून रेटले जाऊन झोक्याची शक्ती उष्णतेत जिरते. आमच्या गाडीतले ते तेलच गळून गेले होते. मग दोष स्प्रिंगांच्या माथी का मारावा? आम्ही चारही शॉक अ‍ॅब्सॉर्बर व झिजलेले रबरी बुश बदलविले. गाडी वळणावर अजून थोडी कलते, पण सावकाश. खळग्यानंतर एकदा हलून स्थिर होते.

चिरंजीवांनी कडक स्प्रिंगांचा विषय अद्याप सोडलेला नाही. मातोश्री मात्र परवा रामलिंगाच्या दर्शनास जाऊन आल्या, आणि उतरताना त्यांनी कोणाचा हात धरिला नाही.