बसायला काय देऊ?

एप्रिल लागला की आपल्या घरांना माणसांचा पूर येतो. १४ एप्रिलची जयंती, मग शाळांच्या सुट्ट्या, गावाकडची लग्ने, आणि वैशाखात बुद्ध पौर्णिमा. बंगलेवाल्यांचे पाहुणे फोन करून, वेळ ठरवून येत असतील. आपले येतात ते ऐन उन्हाळ्यात, रात्रीच्या एस.टी.ने, आणि येतात तेही सहा-सात जण मिळून. सकाळी दार उघडावे तर पिशव्या घेऊन मंडळी उभी. चहाचे आधण नंतर. घरच्या बाईच्या मनात आधी हाच प्रश्न येतो की यांना बसायला काय द्यायचे?

आमचे घर २२५ चौरस फुटांचे. झोपडपट्टी पुनर्वसनात आधी २२५, पुढे २६९ आणि नंतर ३०० चौरस फुटांची घरे देण्याचे ठरत गेले. आमच्या वाट्याला पहिले माप आले. त्यातून मोरी, संडास आणि स्वयंपाकाचा ओटा वजा करा, मग जे उरते त्यात आम्ही दोघे, आजी, दोन मुली आणि एक मुलगा राहतो. हा लेख आम्ही दोघे नवरा-बायको मिळून लिहीत आहोत. फर्निचर हा विषय वाचून कोणी नाक मुरडेल. पण वाचकहो, ज्याला जागा आहे त्याच्यासाठी फर्निचर ही हौस आहे. ज्याला जागा नाही त्याला मात्र प्रत्येक वस्तू आत घेताना कोणत्या माणसाची जागा जाणार याचा हिशेब मांडावा लागतो.

तो हिशेब असा. सहा बाय चारचा पलंग २४ चौरस फूट खातो, म्हणजे आमच्या घराचा दहावा हिस्सा. दुकानात मिळतो तो सोफासेट घ्या. तीन माणसांचा एक आणि एकेकट्याचे दोन, मिळून ३७-३८ चौरस फूट. म्हणजे घराचा सहावा हिस्सा पाच माणसांच्या बसण्यासाठी दिला, आणि रात्री त्यावर झोपणार एकच, तोही पाय दुमडून. प्लॅस्टिकच्या आठ खुर्च्या मात्र एकात एक घातल्या की कोपऱ्यात चार चौरस फुटांत मावतात.

ही प्लॅस्टिकची खुर्ची आपल्याकडे फार स्वस्तात निघाली म्हणून तिला कोणी मान देत नाही. तिचा इतिहास पाहण्यासारखा आहे. फ्रान्सच्या हेन्री मासोने यांनी १९७२ साली अशी एकसंध खुर्ची बाजारात आणली. पॉलीप्रॉपिलीन नावाच्या प्लॅस्टिकचे दाणे वितळवायचे, तो रस मोठ्या दाबाने पोलादी साच्यात सोडायचा, आणि मिनिट-दोन मिनिटांत पाय, पाठ, हात यांसकट अख्खी खुर्ची बाहेर. खिळा नाही, सांधा नाही, म्हणून ढेकणाला घर नाही. पाण्याने धुतली की झाली. आज जगात कुठेही जा, विहारात, चहाच्या टपरीवर, मंत्र्याच्या सभेत, हीच खुर्ची. तिचा शत्रू एकच, ऊन. गच्चीवर किंवा गॅलरीत वर्षभर उन्हात राहिली की प्लॅस्टिक ठिसूळ होते, रंग पांढुरका पडतो, आणि एक दिवस एखाद्या वजनदार पाहुण्याखाली पाय मोडतो. पांढुरकी पडलेली खुर्ची बादली ठेवायला वापरावी, माणसाला देऊ नये.

खुर्चीचे एवढे काय, असे तरुण मुलांना वाटेल. आमच्या आजींना विचारा. त्या परभणी जिल्ह्यातल्या. लहानपणी त्यांच्या दारात सुंभाची एक बाज होती, त्यांच्या वडिलांनी स्वतः विणलेली. पण गावातला वरचा कोणी रस्त्याने जाताना दिसला की वडील त्या बाजेवरून उठून उभे राहत. बाज त्यांची, अंगण त्यांचे, तरी उठायचे. वाड्यावर काम असेल तर अंगणात उन्हात उभे राहायचे. बसायला पोते मिळाले तर तो दिवस चांगला. आजी हे सांगतात तेव्हा त्यांच्या आवाजात राग नसतो, आणि त्याचाच आम्हाला जास्त त्रास होतो.

म्हणून आमच्या घरात नियम आहे: येणारा कोणीही असो, कचरा न्यायला येणारी ताई असो की बँकेतला साहेब, आधी खुर्ची, मग पाणी. दोन वर्षांपूर्वी मोठ्या मुलीचे वर्गशिक्षक घरी आले. आम्ही खुर्च्या मांडल्या, आणि पाहतो तो आजी उंबऱ्याजवळ जमिनीवर जाऊन बसलेल्या. "मी हितंच बरी हाय. सरांना बसू द्या." खुर्च्या सहा होत्या, माणसे पाच. मुलीने काही न बोलता एक खुर्ची उचलली, आजींच्या शेजारी नेऊन ठेवली, आणि स्वतः दुसरी घेऊन त्यांच्या पलीकडे बसली. मग त्या उठल्या. खुर्चीच्या अगदी कडेवर बसल्या, पण बसल्या. हल्ली पाठ टेकून बसतात. (गुडघे दुखतात म्हणून बसते, असे त्यांचे म्हणणे. असेल.)

आता सोफ्याची गोष्ट. गेल्या वर्षी भिशीचे अठरा हजार रुपये हातात आले. मुलगा आणि धाकटी सोफ्याच्या बाजूने होते. मजल्यावर चार घरांत सोफा आला होता. आम्ही दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, पैसे आता देऊच नका, शून्य टक्के व्याजाने हप्ते करा. कागद नीट वाचला तर 'प्रक्रिया शुल्क' निराळे, आणि रोखीने घेतला तर मिळणारी सूट हप्त्यावर नाही. व्याजाचे नाव फक्त बदललेले. रिझर्व्ह बँकेने २०१३ साली बँकांना स्पष्ट बजावले होते की शून्य टक्के व्याज असे काही नसतेच. रोखीचा भाव विचारा, हप्त्यांची बेरीज करा आणि वजाबाकी करून पाहा. दुकानातच, त्याच्या समोर.

पण आमचे अडले ते व्याजापाशी नाही. मोठी तेव्हा बारावीत होती. ती अभ्यास कुठे करायची? पलंगावर पुस्तक, मांडीवर उशी, पाठ वाकलेली. टी.व्ही. लागला की ओट्याशी उभी राहून वाचायची. धनंजय कीर यांनी लिहिलेल्या चरित्रात बाबासाहेबांच्या परळच्या खोलीचे वर्णन आहे. एकच खोली, त्यातच चूल, धूर, भांडीकुंडी, माळ्यावर सरपण. वडील मुलाला लवकर झोपवायचे आणि रात्री दोनला उठवायचे, कारण खोली तेव्हाच काय ती शांत असे. उशाशी जाते, पायथ्याशी बकरी, आणि मिणमिणत्या दिव्यात अभ्यास. हे आपण सगळ्यांनी व्याख्यानांतून ऐकले आहे, टाळ्याही वाजवल्या आहेत. सोफा सहावा हिस्सा जागा घेणार आणि मुलगी ओट्याशी उभी राहून वाचणार, हे आम्हाला पटेना.

सोफा राहिला. सुताराला बोलावले आणि भिंतीला घडीची फळी करून घेतली. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, जमिनीपासून ३० इंचांवर. मागे बिजागऱ्या, खाली दुमडणारे दोन लोखंडी ब्रॅकेट. काम झाले की फळी भिंतीला लागून खाली लोंबते, दोन इंचही पुढे येत नाही. ३० इंच ही टेबलाची नेहमीची उंची. साधारण १७ इंचांच्या खुर्चीवर बसून लिहायला ती ठीक पडते. वर ट्यूबलाइट नको, डाव्या बाजूने दिवा हवा, नाहीतर लिहिणाऱ्या हाताची सावली वहीवर पडते. (डावखुऱ्या मुलांसाठी उलट.) पाहुणे आले की हीच फळी पन्ह्याचे पेले आणि कलिंगडाच्या फोडी मांडायला. मात्र सायंकाळी सात ते दहा ती मुलीची. पाहुण्यांना आम्ही सरळ सांगतो, आणि गावाकडच्या माणसांना याचे कधी वाईट वाटलेले नाही. उलट आजोळचे एक काका तिच्यामागे गुपचूप उभे राहून वही पाहत होते.

फळीसाठी प्लायवूड घेताना छाप पाहावा. आय.एस. ३०३ म्हणजे साधारण घरगुती वापराचे, आय.एस. ७१० म्हणजे पाणी सोसणारे, ज्याला दुकानदार मरीन म्हणतात. मोरीलगतच्या किंवा पावसाळ्यात ओल येणाऱ्या भिंतीला ७१०च घ्यावे. दुकानात झुळझुळीत दिसणारे तयार टेबल बहुधा भुशाच्या बोर्डाचे असते. कडेची पट्टी सुटली आणि पाणी आत गेले की तो बोर्ड पावासारखा फुगतो, आणि स्क्रू एकदा निघाला की पुन्हा धरत नाही.

जुने घ्यायला कमीपणा मानू नये. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात नवे-जुने दोन्ही मिळते, जोगेश्वरी-ओशिवऱ्याला जुन्या लाकडी सामानाच्या दुकानांच्या रांगा आहेत. गोदरेजने लोखंडी कपाटे बनवायला सुरुवात केली १९२३ साली, आणि तसल्या जुन्या कपाटांचा पत्रा आजच्यापेक्षा जाड असतो. कुलूप चालते का आणि तळ गंजला आहे का एवढे पाहावे. लाकडी वस्तू घेताना बॅटरी बरोबर न्यावी. सांध्यांत, फळीच्या मागे, खिळ्यांच्या भोकांत काळे ठिपके दिसले तर ते ढेकूण. दुकानदार कितीही भाव उतरवो, परत फिरावे. लाकूड पोकळ वाजले आणि खाली बारीक भुसा सांडला असेल तर कीड आहे.

झोपण्याचे काय? दिवसा सात माणसे बसवता येतात, रात्री त्यांना आडवे करणे कठीण. आमचा दिवाण सहा बाय अडीचचा, पोटात पेटी असलेला. सतरंज्या, गोधड्या, जादा उशा सगळे त्यात. बाकी घडीच्या दोन लोखंडी खाटा, नायलॉनच्या पट्ट्यांच्या, भिंतीला टेकवून ठेवतो. उन्हाळ्यात फोमच्या गादीपेक्षा या बऱ्या. फोम अंगाची उष्णता धरून ठेवतो. पट्ट्यांतून खालून वारा लागतो. आपल्या बाजेत हेच शहाणपण होते. विदर्भातले नातेवाईक विचारतात, कूलर का घेत नाही? नागपूरची हवा कोरडी, तिथे ओल्या पडद्यातून येणारा वारा गार लागतो. मुंबईच्या दमट हवेत पाणी सुकतच नाही, त्यामुळे कूलर नुसती ओल वाढवतो. इथे पंखा, उघडी खिडकी आणि दुपारी खिडकीवर जाड पडदा, एवढेच चालते. पाहुणे रात्री गच्चीवर झोपले असते, पण आमच्या इमारतीच्या गच्चीला कुलूप आहे, आणि किल्ली कोणाकडे हे दर उन्हाळ्यात नव्याने शोधावे लागते.

वरळीला बीडीडी चाळीत आमची एक मावसबहीण राहत होती. १६० चौरस फुटांची खोली, संडास सामाईक, १९२०च्या दशकातल्या त्या इमारती. ऑगस्ट २०२५ मध्ये तिथल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या, त्यांत तीही होती. तिने फोन करून विचारले, आता काय काय घेऊ? तिच्या सुनेने दुकानात इंग्रजी एल आकाराचा सोफा पाहून ठेवला होता. आम्ही म्हटले, घ्यायचा तर घे, तुझी हौस चाळीत जन्मभर मोरीतल्या बादल्या रचण्यात गेली. पण आधी खडू घे, त्या सोफ्याचे माप फरशीवर आख, आणि आठ दिवस त्या रेषांच्या बाहेरून चाल. दार पूर्ण उघडते का, कपाटाचे पल्ले अडतात का, चालायला दोन फूट उरतात का ते पाहा. आणि लिफ्टच्या दाराचे माप घे, नाहीतर सोफा खालीच राहायचा.

तिने आखले. सुनेने स्वतःच चौथ्या दिवशी रेषा पुसल्या आणि दोघा माणसांचा, रात्री पलंग होणारा सोफा ठरवला. चाळीतली खाट मात्र त्यांनी बरोबर नेली. तिच्यावर तिचे सासरे शेवटपर्यंत झोपत असत. ती नव्या घराला शोभत नाही, असे शेजारी म्हणतात. म्हणोत.

आमच्याकडे सुतार या रविवारी पुन्हा यायचे आहेत. मोठी आता महाविद्यालयात गेली, तिची फळी तिलाच लागते, आणि धाकटी सातवीत गेली आहे. तिच्यासाठी समोरच्या भिंतीला दुसरी फळी घ्यायची आहे. ती अजून लहानखुरी, पाय जमिनीला टेकायला हवेत, म्हणून तिची खुर्ची बुटकी आणि फळी २६ इंचांवर. वरच्या मापाच्या भोकांच्या खुणा आताच करून ठेवायला सांगितल्या आहेत. दोन्ही फळ्या एकदम उघडल्या तर मधे एक माणूस आडवा होऊन जाईल एवढी जागा उरते, हे आम्ही खडूने आखून पाहिले आहे.