टोकियोचा लॅमिंग्टन रोड

अकिहाबाराला उतरलं की आम्हां मुंबईकरांना लॅमिंग्टन रोड आठवतोच! १९४९ साली रस्त्यावरचे रेडिओ-सामानवाले रेल्वेच्या पुलाखाली आले आणि ‘रेडिओ सेंटर’ उभं राहिलं. बोळ असे, की समोरून कुणी आलं तर अंग चोरावं लागतं.

आम्हांला हवी होती २११४ ही मेमरी चिप : १८ पायांची, १०२४ गुणिले ४ बिटांची. १९७९ च्या ‘गॅलॅक्सियन’ खेळाच्या बोर्डावर ती एक मेली, की पडद्यावर नुसता कचरा! मूळ कंपन्यांनी ती बनवणं केव्हाच थांबवलं. जुन्या मालात छाप पुसून दुसरा मारलेल्याही निघतात. म्हणून पायांवर सोल्डरच्या खुणा बघून घ्यायच्या. आजोबा दुकानदारांनी खणातून चार काढून दिल्या. जाणाऱ्यांनी मेलेली चिप नमुन्याला न्यावी; जपानी येत नसलं तरी काम होतं.